उसनी जीभ

आमच्या मंडळाचं खरं नाव ‘शब्दमेळा लेखन मंडळ’ असं आहे, पण कुंभार पिंपळगावात त्या नावाने चौकशी कराल तर कुणी ओळख दाखवणार नाही. भूतमंडळ म्हणा, लगेच माझ्या पिठाच्या गिरणीपर्यंत आणून सोडतील. कारण आम्ही अमावस्येला जमतो. आम्हाला दुसरा दिवसच नाही. एरवी गिरणी चालते, आणि गिरणी चालू असताना शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. अमावस्येला ती बंद. माझ्या सासऱ्यांचा नियम होता, अमावस्येला दगड फिरवायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात सासऱ्यांना ‘का’ विचारायची पद्धत नव्हती. ते जाऊन कैक वर्षं झाली, गिरणी मी चालवते, तरी अमावस्येला ते भिंतीवरच्या फोटोतून बटणावर नजर ठेवून असतात. मी बेबीनंदा. बाई तापट आहे असं गाव म्हणतं, आणि गाव या एकाच बाबतीत खरं बोलतं.

मंडळ सुरू झालं सिराजभाईंच्या आगाऊपणामुळे. सिराजोद्दीन, बाजारातले टेलर. मला हाती खडू आला की गिरणीच्या भिंतीवर काहीबाही लिहायची खोड आहे. एकदा लिहिलं होतं, ‘दळायला येते बाई, दळून जाते तीच.’ दुसऱ्या दिवशी खाली टेलरच्या चपट्या खडूने दुसरी ओळ आली होती, ‘आणि बेबीताई दोघींवर खेकसते.’ मी आधी चिडले, मग हसले, आणि मग दर अमावस्येला दुपारी काहीतरी लिहून आणायचं आणि एकमेकांना वाचून दाखवायचं असं ठरलं. तातेराव आले. ते एसटीचे रिटायर ड्रायव्हर; विषय काहीही द्या, दुसऱ्या पानावर गाडी स्टँडला लागतेच. तृप्ती आली. ती उपकेंद्रात नर्स आहे, वयाने आमच्यात सगळ्यात लहान आणि लिहिण्यात सगळ्यात पुढे. तिचा कान फार तिखट. माणसाचं बोलणं एकदा ऐकलं की ती ते जसंच्या तसं काढून दाखवते.

आता आमची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गिरणीत नंबराला माणूस थांबत नाही, डबा थांबतो. बाई डबा ओळीत लावून बाजार करून येते. तो डबा तिच्याशिवाय कुणी हलवायचा नाही. यावरून माझ्या दारात झिंज्या उपटून झाल्यात. मंडळातही आम्ही तेच ठेवलं. ज्याला यायला जमणार नाही त्याने आपला डबा पाठवायचा. डबा त्याच्या जागेवर बसणार, आणि उरलेल्यांपैकी एकाने त्याच्या वतीने, त्याच्या तोंडचं बोलायचं. याला आम्ही उसनी जीभ म्हणतो.

एकदा तातेराव तापाने पडले होते. त्यांची जीभ मी उसनी घेतली आणि त्यांच्या सुनेबद्दल चार बरे शब्द त्यांच्या तोंडी घातले. सिराजभाई उसळलेच. “बेबीताई, तात्याच्या तोंडात साखर कशाला घालून राह्यल्या? तात्या मेला तरी असं बोलल का? खोटं बोला, बिलकुल बोला. पर गोड करू नका. दुसऱ्याची जीभ घेतली की त्याच्या मनातलं बोलायचं, आपल्या न्हाई.” ते आमचं कलम झालं. मला राग आला होता, पण माणूस बरोबर बोलला होता.

असे ते शब्दाचे पक्के. आणि तिथेच सगळं अडलं. त्यांची मुलगी अंबरीन हिने आपल्या पसंतीने लग्न केलं, अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाशी. मुलगा चांगला, जात-बिरादरीचा, फक्त बापाला न विचारता केलेला. सिराजभाई भर बाजारात बोलून गेले, “माझ्या उंबऱ्याला तिचा पाय लागणार न्हाई.” उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. पण टेलरने कापड एकदा कापलं की कापलं, असं त्यांचं उत्तर. फरहानाभाभी, त्यांची बायको, आत रडायच्या आणि बाहेर नवऱ्याचा शब्द राखायच्या.

चैत्रातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी सिराजभाई ज्वारीचा डबा घेऊन आले होते. निळ्या झाकणाचा, एका बाजूला पोचा पडलेला. रांग मोठी होती. “राहू द्या, उद्या तुमची गिरणी बंद, परवा घेतो,” म्हणाले आणि गेले. संध्याकाळी मशीनवर बसल्याबसल्याच गेले. पायाखाली मशीनची पट्टी होती, सुईखाली कुणाचं तरी ब्लाउज होतं.

मयताच्या घरी मी होते. अंबरीन आली आणि रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. भाभींनी खिडकीतून बघितलं, उठून दारात गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “त्यांची जबान हाय बेटा. माघारी जा.” मुलगी गेली. मला त्या दिवशी भाभींचा भयंकर संताप आला. मेलेला माणूस आत पांढऱ्या कापडात निजलेला, आणि त्याचा शब्द दारात उभा राहून जिवंत लेकीला हाकलत होता.

वैशाखातल्या अमावस्येला आम्ही तिघं जमलो. सिराजभाईंचा डबा ओळीत तसाच होता. भाभी इद्दतीत बसलेल्या, चार महिन्यांवर दहा दिवस घराबाहेर पडायच्या नाहीत, म्हणजे डबा न्यायला कोण येणार? खरं तर मीच तो उचलून घरी पोचवायला हवा होता. पण मालकाशिवाय डबा हलवायचा नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. तातेराव म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. नंबर हाय त्यांचा.” आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी सरकवत सिराजभाईंच्या जागेवर आणून ठेवला. मंडळात डबा आला, म्हणजे कुणीतरी जीभ उसनी घ्यायला हवी. आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

तृप्तीने घेतली. पहिल्या वेळी आम्ही हसून हसून रडलो, आणि मग नुसतेच रडलो. तोच खाकरा, तेच ‘बिलकुल’, तीच गिऱ्हाइकांची मापं सांगून केलेली चहाडी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सिराजभाईंची तर मेल्यावरही गेली नाही, असं मी म्हणाले सुद्धा.

ज्येष्ठात ते हसू जरा कमी झालं. बोलताना तृप्तीचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होतं, दोऱ्याचं टोक पिळून सुईत घालताना टेलर करतो तसं. मी बघितलं आणि तातेरावांनीही बघितलं. आषाढात तातेरावांनी डब्यापुढे चहाचा कप ठेवला. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं, त्या दिवशी तो कप तसाच राहू दिला. चहावर साय धरली. तृप्ती घरी जाताना म्हणाली, “मावशी, बोलून झालं की मला लई थंडी वाजते.” बाहेर घामाने अंग निथळत होतं. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी तू नको, मी घेते जीभ. पोळ्याच्या अमावस्येला मी प्रयत्नही केला. तोंडातून काहीच निघेना. दोन वाक्यं झाल्यावर डब्याकडे बघत तृप्तीच मध्ये बोलली, “बेबीताई, तुम्ही पीठच दळा.” बोलणं तिच्या तोंडून निघालं होतं. पण तृप्ती मला कधी बेबीताई म्हणत नाही.

मला भीती वाटायला लागली होती, हे कबूल करते. पण खरं सांगू का, मला त्या दिवसाची वाटही बघावीशी वाटायची. माणूस गेला आणि गेला नाही, यातलं दुसरं कुणाला नको असतं?

भादव्यातली अमावस्या म्हणजे सर्वपित्री. सकाळी सासऱ्यांच्या नावाने घास काढून ठेवला, कावळ्याची वाट बघितली, आणि दुपारी गिरणीचं अर्धं शटर वर करून आम्ही बसलो. विषय होता ‘दार’. तातेरावांनी एसटीच्या दाराबद्दल वाचलं, मी माहेरच्या दाराबद्दल. मग तृप्ती डब्याशेजारी सरकून बसली आणि सिराजभाई बोलायला लागले. मी ‘तृप्ती बोलायला लागली’ असं लिहायला हवं, पण त्या दुपारी मला तसं वाटलं नाही.

“दार शिवता आलं असतं तर,” ते म्हणत होते, “मी त्याला आतून अस्तर लावलं असतं. बाहेरचा आवाज आत नको, आतला बाहेर नको…”

शटरखाली दोन पाय दिसले. मग कुणीतरी वाकून आत आलं. फरहानाभाभी. इद्दत संपली होती, त्या डबा न्यायला आल्या होत्या. भिंतीला हात लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“बेबीताई,” त्या म्हणाल्या, “हे काय करून राह्यले तुम्ही लोक?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले, पाणी दिलं, मंडळाची रीत सांगायला लागले. पण भाभी ऐकतच नव्हत्या. त्या तृप्तीच्या बोटांकडे बघत होत्या. अंगठा आणि बोट, एकमेकांवर, सावकाश. भाभी पुढे आल्या आणि डब्यासमोर जमिनीवर बसल्या, जेवायला वाढताना नवऱ्यासमोर बसत असतील तशा.

“एक पुछना था,” त्या डब्याला म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, “तुम्ही पण ऐका. साक्षीला ऱ्हावा.”

मग त्यांनी सांगितलं. अंबरीनला सातवा लागला होता. ती पहिलटकरीण, पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, ते कुणाच्याही घरात चुकत नाही. मुलीला सासू नाही, करणारं कुणी नाही. डॉक्टरने रक्त कमी सांगितलेलं. सिराजभाई गेले तेव्हा पोटुशी असल्याचं तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. “त्यांना मालूमच नव्हतं,” भाभी म्हणाल्या. “मालूम असतं तर? एवढंच चार महिने कोपऱ्यात बसून ईचार केला. जबान त्यांची. ती माघारी घेनारा मानूस न्हाई राह्यला. मंग मी कुनाला ईचारू?” आणि डब्याकडे वळून, “अंबरीन को लाऊँ क्या? घर को?”

मी तृप्तीकडे बघितलं. मी डोळ्यांनी तिला विनवत होते, की पोरी, चुलीत गेलं आपलं कलम, घाल साखर, एक शब्द बोल आणि मोकळं कर या बाईला. तातेरावांनी हात जोडलेले मला दिसले. तृप्तीने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ती हो म्हणणार हे मला दिसत होतं.

“नक्को, दारोगा,” तिच्या तोंडातून आलं. “जबान दी सो दी.”

भाभींच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. तृप्तीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि मान हलवायला लागली, नाही, नाही, नाही.

“दारोगा,” भाभी हळूच म्हणाल्या. “मी खिसे तपासायची म्हणून. दार बंद झाल्यावर म्हणायचे. माझ्या लेकीलाही माहीत न्हाई हे.”

बाहेर ऊन होतं, बाजारात माणसं होती, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. मी धरायला पुढे झाले. पण भाभी कोसळल्या नाहीत. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि त्या चिडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं बघितलं, आणि चिडण्यातलं मला कळतं.

“मरके भी वहीच!” त्या ओरडल्या.

पुढचं त्या घरच्या बोलीत बोलल्या, मी माझ्या शब्दांत सांगते. चार महिने, त्या म्हणाल्या, मी मनातल्या मनात तुम्हाला मऊ करत आणलं. रोज थोडं. शेवटी शेवटी तुम्ही माझ्या मनात लेकीसाठी रडायलाही लागला होतात. तो माणूस हो म्हणाला असता. पण तो मीच केलेला होता, त्याचं हो मला पुरेना. आणि त्याच्याशी भांडण तरी कसलं काढू? आता तुम्ही सापडलात. आता ऐका. मयताच्या दिवशी माझी पोरगी तापलेल्या पत्र्याखाली उभी होती आणि मी तुमच्या जबानीपायी तिला घोटभर पाणी दिलं नाही. तुम्हाला माती द्यायला नेलं, आणि मला मात्र इथे ठेवलं, तो शब्द सांभाळायला. तुमची जबान तुम्ही दिली होती. मी दिली नव्हती. मी आजच जाऊन तिला आणणार आहे.

डबा आपला निळं झाकण घालून बसलेला.

“अंबडकडची गाडी अजून जायचीय, भाभी,” तातेराव म्हणाले. “तिथून अंकुशनगरला जल्दी मिळती.”

“मंग आधी पीठ पायजे,” भाभी म्हणाल्या. त्यांनी झाकण काढलं. ज्वारीला सोंडे लागले होते. “बेबीताई, चाळनी द्या. अन् गिरनी चालू करा. रातच्याला लेकीला गरम भाकर घालायचीय.”

“भाभी, आज अमावस्या. त्यातून सर्वपित्री. आमच्यात…”

“कोन नको म्हनतंय?”

“सासरे.”

“कुठायत ते?”

मी फोटोकडे बघितलं. भाभींनीही बघितलं. मग त्यांनी चाळणीसाठी हात पुढे केला. मी सून म्हणून या घरात आल्यापासून जे विचारलं नव्हतं, ते त्या एका हातापुढे मला विचारावं लागलं. फोटोतला माणूस फोटोतच राहिला.

आम्ही दोघींनी ज्वारी चाळली. तातेरावांनी पट्टा तपासला. मी वरच्या पेटीत ज्वारी ओतली आणि बटण दाबलं. कधी नव्हे ते अमावस्येला माझी गिरणी धडधडायला लागली. शटर थरथरलं, भिंतीवरची माझी खडूची अक्षरं धुरळ्यात दिसेनाशी झाली, खालच्या कापडी नळीतून पीठ डब्यात पडायला लागलं.

तेव्हा मला तृप्ती दिसली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. सारखे हलत होते. अंगठा आणि बोट भराभर एकमेकांवर घासत होतं. ती काहीतरी सांगत होती, आणि गिरणीच्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

भाभींनीही बघितलं. त्या उठून तिच्यापुढे वाकल्या, कानामागे हात धरला, आणि गिरणीत बायका ओरडतात तशा ओरडल्या, “मेरेकू सुनाई नै दे रा!”

ओठ हलतच होते.

“सुनाई नै दे रा, जी!” भाभी पुन्हा ओरडल्या. या वेळी त्या हसत होत्या आणि रडत होत्या. त्यांनी तृप्तीचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटं हळू झाली. मग अंगठा सुटला, सुईतून दोरा सुटावा तसा, आणि हात भाभींच्या हातात पडून राहिला.

पीठ संपलं. मी बटण बंद केलं. भाभींनी गरम डबा कमरेवर घेतला, वाकून शटरखालून बाहेर पडल्या आणि तातेराव गाडी दाखवायला त्यांच्यामागे गेले. सिराजभाईंच्या जागेवर, सगळीकडे पांढरं झालेल्या फरशीवर, डब्याच्या बुडाचा एक स्वच्छ गोल राहिला होता.

मी तृप्तीला पाणी पाजलं. “दारोगा कुठून आणलंस गं?” विचारलं.

“मी न्हाई आणलं, मावशी. मी ‘आण’ म्हणायला तोंड उघडलं होतं. शपथ.”

“अन् गिरणी चालू झाल्यावर? काय बडबडून राहिली होतीस?”

तिने आपल्या बोटांकडे बघितलं. “तेच,” ती म्हणाली. “‘ले आ उसकू. ले आ, दारोगा.’ सारखं तेच.”

“सिराजभाई म्हणत होते, की तू?”

“मला न्हाई सांगता यायचं, मावशी.”

मार्गशीर्षात अंबरीनला मुलगी झाली, आईच्या घरी, नीट. भाभी आता मंडळात येतात. लिहीत नाहीत, सांगतात, आणि त्यांचं नवऱ्याशी भांडण हा आमचा सगळ्यांचा आवडता विषय आहे. सिराजभाईंचा आवाज तृप्तीला पुन्हा काढता आला नाही. आता गर्दी असली तर मी अमावस्येलाही गिरणी चालवते, आणि मंडळ भाभींच्या ओसरीत भरतं.

ते शेवटचं बोलणं मी भाभींना सांगितलेलं नाही. ती साखर असेल तर सिराजभाईंनी मला माफ केलं नसतं. आणि साखर नसेल, तर मग त्या माणसाने आपला शब्द माघारी घेतला आणि तो ऐकायला त्याची बायको थांबली नाही. दोनदा माझ्या ओठांवर आलं. दोन्ही वेळा भाभींच्या मांडीवर ती चिमुरडी होती आणि त्या तिला सांगत होत्या, तुझ्या आजोबाशी भांडून आणलंय तुला, भांडून. मग मी चहा टाकायला आत गेले.